हार्वेस्टर कोण उतरवत होतं?

नवरा जाऊन नऊ दिवस झाले, तरी रत्नम्माच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. गुप्तहेर महामाया सोनकांबळेची जीप चालवणाऱ्या ग्यानोबांना तेच बघवेना. लातूरहून ती नांदेडला आली आणि महामायाच्या टेबलावर तिनं नवऱ्याचे, रामलिंगचे, बूट ठेवले. फिती कापलेल्या होत्या.

"गाठ सुटंना म्हणून दवाखान्यात कापल्या," ती म्हणाली. "ह्यांनी बंदरावर बारा वर्षं जहाजातल्या गाड्या उतरवल्या. एकीला ओरखडा न्हाई. अन् लातुरात शोरूमवर ट्रेलरवरून हार्वेस्टर उतरवताना पिऊन पडले म्हणं! शिकवणीतली पोरं आरतीला तेच चिडवून राहिलेत. मला कायबी वाटंना झालंय, ताई. पण लेकीला काय सांगू?"

"जीप काढा, मामा," महामाया म्हणाली. झालं! भर मे महिन्यात लातूर! एसटीतून निवृत्त होऊनही ग्यानोबांचं स्टेअरिंग काही सुटलं नव्हतं.

सोबत आलेल्या रत्नम्माला बघून शोरूमचे मालक आप्पासाहेब हळहळले. "लई भला माणूस. पूजा झाल्याबिगर नव्या गाडीत पायताण घालून स्वतः चढायचा न्हाई, मलाबी चढू द्यायचा न्हाई."

ट्रेलरचा ड्रायव्हर भीमाशंकर म्हणाला, "मी हॉटेलात चहा पिऊन राहिलो होतो. दणका ऐकून पळालो. दुपारचे दोन. उताराच्या लोखंडी फळ्या अशा तापलेल्या, की कातडी निघंल."

मालकाचा मुलगा मल्लेश लंगडत आला. दोन्ही तळव्यांना पट्ट्या. "देवळातल्या फरशीनं भाजलं. रामलिंगमामाच चालवत होते. तोल जाऊन पडले. मी लांब उभा होतो."

"अपघातच हो, ताई," ग्यानोबा पुटपुटले. त्यांना पोराची दया आली होती.

"मामा, रामलिंग चालवत असते तर बूट काढून चढले असते. ते तर पायात घट्ट होते. म्हणजे ते खाली उभे होते. जो वर चढला, त्याला त्यांनी अनवाणीच चढवलं. यंत्र सुटल्यावर तो तापल्या लोखंडावरून पळाला. कोणतं देऊळ, मल्लेश?"

मल्लेशनं पट्ट्या बांधलेले पाय मागं घेतले. "मला चालवून बघायचं होतं. ब्रेक सापडंना. समोर रसाच्या गाड्यावर माणसं होती. रामलिंगमामा 'उडी मार' म्हणून ओरडले, अन् स्वतः चाकाखाली लाकूड घालायला घुसले. पिऊन होते, हे मीच उठवलं."

आप्पासाहेबांनी डोकं धरलं. "रत्नम्मा, माफ कर..."

"माफी राहू द्या," ती उठली. "शिकवणी पाचला सुटती. पोरं फाटकात असतात. मल्लेश, हेच तिथं सांग. पोलिसात मागनं जा."

जीपमध्ये मल्लेश खाली मान घालून मागं बसला. अर्ध्या वाटेत रत्नम्मा हमसाहमशी रडू लागली. पाचाला दहा मिनिटं कमी होती, म्हणून ग्यानोबांनी जीप थांबवली नाही.