नाव सापडेपर्यंतचे रविवार

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीमागे, गटाराच्या कडेला एक माणूस पालथा पडलेला. रविवारी सकाळी साडेआठला! मला वाटलं, याची रात्रीची उतरली नाही अजून.

“ओ... बरे आहात ना?”

“हलू नका!” तो म्हणाला. “वारा मस्त अडतोय तुमच्यामुळे.”

शहाणाच आहे! पण उभी राहिले. त्याच्या मोबाईलला चिमुकलं भिंग लावलेलं, आणि समोर भिंतीच्या फटीत तांदळाच्या दाण्याएवढं जांभळं काहीतरी. म्हणजे गवतच. रोज त्याच्या जवळून मी बालदी घेऊन जाते.

“बघा,” त्याने मोबाईल पुढे केला.

अगं बाई...

ते एक फूल नव्हतंच. वीसेक फुलं होती, एकमेकांना खेटून! प्रत्येकाला पाच पाकळ्या, आणि मधून वर आलेला नाजूक तंतू, शेंड्याला दुभंगून अलगद बाहेर वळलेला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सव्वीस वर्षं मी इथे राहते, आणि हे सगळं माझ्या पायाशी उमलत होतं?

“नाव काय याचं?”

“तेच शोधतोय. पान, देठ, मागची बाजू... सगळ्याचे फोटो लागतात. पुन्हा यावं लागेल.”

हा हितेंद्र, अँटॉप हिलचा. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. मी ओढणी धरून वारा अडवायचे. अहो-जाहो कधी गळालं, कळलंच नाही. एकदा त्याने भुईआवळ्याचं पान हळूच उलटलं, तर खाली इवल्या फुलांची रांगच रांग! मी श्वास रोखून बघत राहिले. फुलांकडे... आणि त्याच्या बोटांकडेही. खोटं कशाला बोलू, आवडायला लागला होता. एकच धास्ती – नाव सापडलं की हा दुसऱ्या भिंतीकडे जाणार.

चौथ्या रविवारी त्याने फोटो बघायला मोबाईल दिला. मी मागे मागे सरकवत गेले, तर फुलं ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या उत्तराचा स्क्रीनशॉट निघाला. ‘अरे, ही साधी सहदेवी!’ तारीख पहिल्या रविवारची.

“हितेंद्र... नाव तर तेव्हाच मिळालं होतं!”

तो उठून बसला. कोपरांना माती, कान लालबुंद.

“हो... म्हणजे... सांगणारच होतो. पण मग पुन्हा यायला निमित्त काय उरलं असतं?”

“आणि मी इथे गटाराकडेला ओढणी धरून उभी, ते—”

“तुझ्यासाठीच यायचो गं. खरंच. दर्शना... चिडलीस?”

चिडायला हवं होतं. पण छातीत असं काही धडधडत होतं, की रागवायला सुचेना.

“पुढच्या रविवारी निमित्त नको शोधूस,” मी म्हटलं. “नुसता ये.”