सातव्या भोकाखालचे नऊजण

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या रे पोरांनो. आमचा वॉटी बेव्हरिज थापा मारणारा माणूस नव्हे.

चौदा ऑक्टोबर, शनिवार. पहाटे पावणेपाचला वॉटी गोल्फच्या मैदानावर निघाला. हिरवळ राखायची, हे त्याचं काम. स्पर्धेच्या दिवशी जुनं भोक बुजवून नवं पाडावं लागतं.

सातव्या भोकाखाली आपली जुनी कोळशाची खाण. सेहेचाळीस साली आत आग लागली आणि मालकांनी दुसऱ्याच रात्री तोंड लिंपून टाकलं. आत नऊजण होते. लोखंडी नळावर ठोके देत होते, आणि त्या हरामखोरांना ते ऐकू येत होते! त्यातलाच एक वॉटीचा आजोबा.

आता सातव्या भोकाशेजारचा त्यांच्या नावांचा दगडही क्लबच्या डोळ्यांत खुपायला लागला.

"उद्या स्पर्धेआधी उखडून टाक तो," अध्यक्ष लॉरिमर आदल्या दिवशी वॉटीला म्हणाला होता. "पाहुण्यांना कसंतरी वाटतं."

"आईला काय सांगू, साहेब?"

"सांग, जमाना बदलला."

आई शहाऐंशीची. ती एवढंच म्हणाली, "दगड ठेवा नाहीतर फोडा. मला माझा बाप घरी हवाय."

वॉटी धुसफुसतच होता. त्यानं नवं भोक पाडलं, मातीचा गोळा उपसला. आणि खालून...

ठक. ठक. ठक.

खाणीत तीन ठोके म्हणजे माणसं वर येताहेत. वरच्यानं तीन परत दिले की मगच माणसांना वर ओढणारा पिंजरा हलतो. आपल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वॉटीनं पहार उचलली आणि तीनदा आपटली.

"या वर! बघतो कोण अडवतंय ते!"



पायाखाली जमीन थरथरली. लोखंड करकरलं. कुणीतरी खोकलं... अगदी शेजारी. वॉटीनं मान वर केली नाही. पावलं निघाली. एक... दोन... त्यानं नऊ मोजली.

सकाळी लॉरिमर बोंबलत होता. क्लबच्या न्हाणीघरात गरम पाणी धो धो वाहत होतं. खुंट्यांवर नऊ पांढरे टॉवेल, ओले आणि कोळशानं काळेकुट्ट.

वॉटीनं एक उचलून घरी नेला. आईनं तो तोंडाशी धरला.

"किती उशीर केलास रे बाबा," ती टॉवेललाच म्हणाली.

तिनं तो शेगडीपुढं खुर्चीवर वाळत टाकला. आज इतके महिने झाले. शेगडी रोज पेटते. जाऊन हात लावून बघा... अजून ओला आहे.