डावी बट, उजवी बट

नागेशनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी उजवी बट डावीपेक्षा अठरा मिलिमीटरनं आखूड होती. हा आकडा त्यानंच सांगितला. तोवर मी मनातल्या मनात 'जराशी' म्हणत होते.

दोन हजार तीन सालचा नोव्हेंबर. हुबळीजवळ तारिहाळला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला, माझा पहिलाच दिवस. डिप्लोमा झालेला, वय बावीस, आणि नाव आजीचं – यमुना. नाव काही बदलता येत नव्हतं, म्हणून आदल्या दिवशी मी केस बदलले.

एका मासिकाच्या कव्हरवरची पोरगी मला महिनाभर छळत होती. मधून भांग, आणि कपाळावरून दोन्हीकडं पडद्यासारख्या बाजूला झालेल्या दोन बटा, गालाच्या हाडापाशी येऊन अलगद वळलेल्या. आम्ही त्याला फ्लिक्स म्हणायचो. पार्लरमध्ये जायचं तर आईला सांगावं लागणार, आणि आईला सांगायचं तर न कापलेलं बरं. मग काय, रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर अप्पांची कापडाची कात्री घेतली. आमचं दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान. त्या कात्रीनं मांजरपाट सुद्धा लोण्यासारखा कापला जातो. केस ओले केले, ताणून धरले, डोळे मिटले आणि... कच्च!

ओले असताना सुरेख दिसले. वाळले तशी उजवी बट वर सरकायला लागली. सरकली, सरकली आणि डोळ्याच्या कोपऱ्यापाशी येऊन थांबली. डावी मात्र गालावर निवांत.

तर सोमवारी मी टूलरूमच्या खिडकीशी मापाचं व्हर्नियर मागायला उभी राहिले. आत एक सावळा, उंच माणूस लोखंडी जॉब घासत होता. त्यानं वर बघितलं. बघतच राहिला. मला वाटलं, कव्हरवरच्या पोरीचा परिणाम झाला.

"मॅडम," तो म्हणाला, "पडदे तेवढे टोपीच्या आत घ्या की. ड्रिलजवळ जाणार तुम्ही. स्पिंडल केस ओढतं."

"पडदे?"

"आणि डावा पडदा जरा लांब आहे."

"असू दे. फॅशन आहे."

"अठरा मिलिमीटर?" त्यानं मान तिरकी केली. "एवढी सूट, एवढी टॉलरन्स आमच्या कुठल्याच ड्रॉइंगवर नसते."

मी व्हर्नियर जवळजवळ हिसकावूनच घेतलं. पण बाईमाणसाचा स्वभाव – नाही, खरं सांगायचं तर माझाच स्वभाव – लेडीज टॉयलेटच्या आरशापुढं उभी राहून मी मोजलंच. अठरा पॉइंट दोन. इतका राग आला मला! माणूस आगाऊ असावा, पण निदान चुकीचा तरी असावा.

दुसऱ्या दिवशी त्यानं खिडकीतून एक पुडी सरकवली. आत स्प्रिंगच्या पट्टीच्या दोन चिमुकल्या क्लिपा.

"हे काय?"

"टोपीच्या आत केस धरून ठेवायला. कडा घासून घेतल्यात, टोचणार नाहीत." मग काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला तो ड्रॉवरमध्ये बघू लागला. "स्क्रॅपमधल्या आहेत. कंपनीचं काही नुकसान नाही."

मी थँक्यू म्हणाले नाही. क्लिपा मात्र लावल्या.

घरी वेगळीच लढाई चालू होती. आईनं पहिल्या संध्याकाळी मला बघून हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "देवा, हिला काय उंदरानं कुरतडलं?" आणि मग रोज सकाळी खोबरेल तेलाची वाटी घेऊन माझ्या मागं. तेल लागलं की दोन्ही बटा कपाळाला अशा चिकटायच्या की मी नुकतीच विहिरीतून वर आल्यासारखी दिसायची. मग मी बेसिनमध्ये फक्त पुढचे केस धुवायचे, तेवढेच, मागची वेणी कोरडी ठेवून. वळण यावं म्हणून अप्पांच्या दुकानातल्या दोऱ्याच्या मोठ्या रिकाम्या रिळावर बट गुंडाळायची, आणि कंपनीची बस येईपर्यंत वरून ओढणी.

एकदा रीळ काढायचंच विसरले. बसनं गचका दिला आणि ते टप्पकन पडून घरंगळत थेट मागच्या सीटखाली गेलं. मागून नागेश उठून आला. सगळी बस बघतेय.

"मॅडम," तो अगदी गंभीर, "तुमच्या पडद्याचा रॉड निघाला."

हसले नाही मी. खिडकीकडं तोंड केलं, ओठ दाताखाली धरला... पण खांदे हलले, ते त्यानं बघितले.

त्यानंतर शनिवारी व्हर्नियर परत करायला गेले तर म्हणतो, "या आठवड्याचं रीडिंग?"

"कसलं?"

"फरकाचं. वाढली की नाही आखूड बाजू?"

माझा बेत तोच होता. आखूड बट वाढेल आणि लांब बटेला गाठेल. मी टॉयलेटमध्ये जाऊन मोजून आले. "अठरा पॉइंट दोन."

"हं. बघू पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी? अठरा पॉइंट दोन. मधल्या सहा दिवसांत आमचं काय काय बोलणं झालं होतं! तो अळणावरच्या बाजूचा, घरी भाताची शेती, वडील मारुती, आई रुक्मिणी. आयटीआय करून इथं आला, गोकुळ रोडला खोली. त्याच्या घरचं मराठी आमच्यापेक्षा वेगळं, आणि रागावला की कन्नडमध्ये जायचा. डब्यात रोज झुणका, कारण दुसरं काही येत नाही. हे सगळं खिडकीतून, दोन दोन मिनिटं, मागं रांग लागेपर्यंत.

तिसऱ्या शनिवारी मी वैतागले. "अजून अठराच! माझी उजवी बाजू वाढतच नाही वाटतं."

"वाढते की. चांगली दहा मिलिमीटर वाढली असेल."

"मग?"

"डावी पण वाढते ना, मॅडम. दोन्ही सारख्याच वाढणार. फरक कसा कमी होईल?"

एवढा डिप्लोमा शिकलेली बाई मी! कानशिलं गरम झाली.

"हे तुम्हाला पहिल्या शनिवारी माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यानं हातातलं मायक्रोमीटर पुसलं. पुन्हा पुसलं. "सांगितलं असतं तर... दुसऱ्या शनिवारी रीडिंग द्यायला आल्या नसता."

मागच्या रांगेतला हेल्पर खाकरला. मी व्हर्नियर तिथंच ठेवलं आणि चालायला लागले. कुठल्या दिशेनं चालले ते पेंट शॉपच्या भिंतीला धडकल्यावर कळलं.

आता यात अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. दुसऱ्या दिवशी रविवारी कोल्हापूरचा मुलगा मला बघायला येणार होता. आत्यानं आणलेलं स्थळ. आईनं दम दिला होता – "एक तर दोन्ही सारखे कर, नाहीतर मी तेल लावून मागं चापून बसवते." त्या शनिवारी कारखाना अर्धा दिवस. काम सुटल्यावर, बस निघेपर्यंत मी कँटीनमध्ये बसले, पुढं स्टीलचं ताट आरशासारखं उभं केलं, आणि हातात तानूबाईंची कात्री. तानूबाई म्हणजे आमच्या कँटीनच्या मालकीण. त्यांच्या भाताइतकीच त्यांची जीभ गरम.

"परत स्वतःच कापतीस?" त्या म्हणाल्या. "अय्यो, एकदा भोगलंस ते पुरं नाही? तो बघ नागेशअण्णा हात धुवायला आलाय. त्याला सांग. तो लोखंड सरळ कापतो, केसाचं काय मोठं?"

नागेश आमच्याकडं बघत राहिला. हातावरचं पाणी टपटप खाली.

"कापाल?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

त्यानं हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, दोनदा. मग समोर स्टूल ओढलं. मी बटा ओल्या करायला निघाले तर म्हणाला, "नको. ओले कापायचे नाहीत. ताणायचे पण नाहीत. पत्रा वाकवला की तो थोडा परत उसळतो, तसे केस उसळतात. त्याचा हिशेब धरायला पाहिजे."

"मागच्या वेळी हेच चुकलं."

"हौद, हो की."

मग त्यानं डावी बट दोन बोटांत धरली. कात्री आडवी नाही, उभी धरली, आणि टोकानं एवढंसं कापलं – नखाच्या कोराएवढं.

"कापू अजून?"

"कापा."

एक टिचकी. "अजून?"

"हं."

प्रत्येक वेळी विचारायचा. त्याचा श्वास माझ्या पापण्यांवर येत होता, त्याला साबणाचा वास होता. मी डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत? मिटले तर वाटायचं काहीतरी चुकतंय, उघडले तर तो समोर. शेवटी मी त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडं बघत बसले. ते निळ्या दोऱ्यानं शिवलं होतं, बाकीची पांढऱ्या.

"छान दिसू दे हं पोरगी," तानूबाई भांडी आपटत म्हणाल्या. "उद्या कोल्हापूरचं स्थळ येतंय म्हणे."

कात्री थांबली.

"उद्या?" नागेश म्हणाला.

मी बोलायला तोंड उघडलं. निघालं फक्त, "दुपारी चारला."

त्यानं कात्रीवरचे केस अंगठ्यानं पुसले. मला वाटलं, कात्री ठेवून उठेल. तानूबाईंनी जीभ चावली. पण त्यानं बट पुन्हा बोटांत धरली. "अर्धं काम मी सोडत नाही," एवढंच म्हणाला. उरलेलं सगळं न विचारता कापलं. मग उजव्या बाजूचं टोक जरासं तिरकं केलं, दोन्ही बटा बाजूला सारल्या, मागं सरून बघितलं. नजर केसांवर, माझ्यावर नाही.

"झालं. शोभेल त्यांना," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी बसमध्येही चढला नाही.

मी ताटात बघितलं. कव्हरवरची पोरगी माझ्यापुढं पाणचट चहा होती. आणि मला रडू येत होतं.

रविवारी चारच्या ठोक्याला कोल्हापूरकर आले. मुलगा निखिल, त्याची आई आणि एक काका. निखिल सभ्य होता, गोरा होता, त्याच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. तेच तर वाईट. मी पोहे दिले, बसले. त्याच्या आईनं मला नीट न्याहाळलं.

"बाळ, ते केस जरा मागं घे. कपाळ बघू दे."

माझ्या आईनं ताबडतोब पदराआडून दोन काळ्या पिना काढल्या. तयारीतच होती.

"राहू दे गं, आई," निखिल म्हणाला. "छान आहेत की. हुबळीत असे कापून मिळतात? कुठल्या पार्लरमध्ये?"

आत्या माझ्याकडं बघून डोळे वटारत होती. 'पार्लर' म्हण, पार्लर म्हण. आणि माझ्या तोंडून आलं, "पार्लरमध्ये नाही. आमच्या कारखान्यात नागेश म्हणून आहेत, टूलरूममध्ये. त्यांनी कापले."

काकांच्या घशात पोहे अडकले.

"म्हणजे... हा नागेश न्हावी आहे?" निखिलच्या आईनं विचारलं.

"नाही. फिटर आहेत."

"मग त्यानं तुझे केस का कापले?"

आता याचं सोपं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. मी निखिलकडं बघितलं. "मीच सांगितलं त्यांना," म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नव्हता."

बोलले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. निखिल पहिल्यांदा हसला, खरोखर हसला. बशी खाली ठेवत म्हणाला, "आई, निघू या. पोहे उत्तम होते."

ते गेल्यावर घरात जे झालं ते सगळं सांगत नाही. आई रडली, आत्या ओरडली, 'आपल्यातला नाही' हे सतरा वेळा झालं. शेवटी अप्पांनी मला दिव्याखाली उभं केलं, चश्मा लावला आणि दोन्ही बटा गिऱ्हाईकानं कापड तपासावं तशा तपासल्या.

"हात चांगला आहे पोराचा," म्हणाले. "घाई करत नाही."

"अहो!" आई किंचाळली.

"पुढच्या रविवारी जेवायला बोलाव त्याला. भांडायचं ते जेवल्यावर भांडू. उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

सोमवारी टूलरूमच्या खिडकीत नागेशनं न बघता व्हर्नियर पुढं केलं.

"जमलं?" त्यानं विचारलं.

"मोडलं."

आता त्यानं वर बघितलं. "का? केस... नीट नव्हते का?"

"नीट होते. कुणी कापले विचारलं त्यांनी. मी तुमचं नाव सांगितलं."

"माझं?"

"सगळ्यांसमोर." मी व्हर्नियर हातात घेतलं. "आणि हेही सांगितलं की... दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नव्हता. अप्पांनी रविवारी जेवायला बोलावलंय. भांडणार आहेत. आई जास्त भांडेल. यायचं असेल तर या."

मागं रांग लागली होती. तो हेल्पर पुन्हा खाकरला. नागेशनं खिडकी लावून घेतली – माझ्या तोंडावर! – आणि मी तिथं मूर्खासारखी उभी. मग बाजूचं दार उघडून तो बाहेर आला. खिडकीत धड बोलता येईना म्हणून.

"यमुना," तो म्हणाला. मॅडम नाही. "मला बोलता येत नाही नीट. रविवारी तुझ्या वडिलांपुढं तर अजिबात बोलता येणार नाही."

"मग ऐकून घ्यायचं नुसतं."

"किती वेळ?"

"आई दमेपर्यंत."

त्यानं मान हलवली, जड काम अंगावर घेतल्यासारखी. मग एकदम हसला आणि मी सुद्धा. रांगेतल्या कुणीतरी शिट्टी वाजवली.

त्या संध्याकाळी बसमध्ये तो मागं गेला नाही. माझ्या शेजारी येऊन बसला, मध्ये डब्याची पिशवी ठेवून. सगळी बस चिडीचूप, कान आमच्याकडं. गोकुळ रोडचा, त्याचा थांबा आला; माझा अजून बराच पुढं होता. ड्रायव्हरनं गाडी उभी केली, कुणीतरी हाक मारली, "नागेशअण्णा, उतरायचं नाही?"

नागेशनं आमच्या मधली पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली.

"पुढं उतरतो," तो म्हणाला. "चला तुम्ही."