प्रिय हत्तीराव

कोडेताईंनी दुकानाचं शटर अर्धं उचललं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

"फार वाईट वाटलं हो. मुलं तुमच्या कोड्यांवर जीव टाकतात. पण दुकानच बंद होणार असेल, तर ऑर्डर दुसरीकडे द्यावी लागेल आम्हाला."

"कोणाचं दुकान बंद होणार?"

"तुमचं! सकाळीच ईमेल आला तुमचा."

"बाई, मी असं काहीही पाठवलेलं नाही."

"मग कोणी पाठवलं?"

"तेच शोधते आता." मुख्याध्यापिका जरा घुटमळल्या. "संध्याकाळपर्यंत थांबते मी. तोवर तुमच्याकडून खुलासा आला तर ठीक. नाहीतर माझा नाइलाज आहे."

कोडेताईंनी फोन ठेवला आणि शटर धाडकन वरपर्यंत ढकललं. आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला असेल. जावा, म्हणूनच ढकललं होतं.

लाकडी कोडी हा त्यांचा धंदा. तुकडे जुळवून प्राणी करायचा, अडकलेल्या कड्या सोडवायच्या, कुलूप नसलेली पेटी उघडायची. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे दुकान दोघींचं. करवत सुनेच्या हातात आणि कोडी सासूबाईंच्या डोक्यात. सासूबाई निवृत्त गणित-शिक्षिका. दुकानाची जागाही त्यांच्याच नावावर.

दर महिन्याला गिऱ्हाइकांना ईमेलने पत्र जायचं. पत्रात एक कोडं, उत्तर पुढच्या पत्रात. उत्तरासाठी लोक पुढचं पत्र हमखास उघडत. गावभर जाहिरात करून जे जमलं नसतं, ते या पत्रांनी केलं होतं. शाळेची ऑर्डरही त्यातूनच आलेली. ती हातची गेली, तर दुकान खरोखरच बंद करावं लागणार होतं.

मागच्या दारानं आधीच आत आलेल्या सासूबाई फोन डोळ्यांशी धरून बसल्या होत्या. "मलाही आलंय ते. ऐक. 'प्रिय हत्तीराव, कळवायला दुःख होतं की आमचं दुकान कायमचं बंद होत आहे. आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.' आणि खाली फोटो. बंद शटरचा."

"हत्तीराव?" एवढ्या काळजीतही कोडेताईंना हसू फुटलं. "मागच्या महिन्यात तर तुम्ही घोडेबाई होतात!" सासूबाईंना अशा नावांची हौसच होती.

"होते खरी," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "फोटो कुणी काढलेला हा?"

"फोटोवाल्यानं. दुकानाची जाहिरात करायची आणि फोटो बंद शटरचा! त्यावरूनच तर वाजलं आमचं. 'तुमचं दुकान वर्षभर टिकत नाही' असं म्हणून गेला होता. त्याचंच काम हे, आई."

"तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकून आपण सगळेच हसलो होतो की नाही?"

"हसलो होतो."

"मग घाई नको."

पुन्हा फोन वाजला. एक गृहस्थ तडकले होते. "अहो, तुमची पत्रं नकोत म्हणून मी 'नाव कमी करा' दाबलं होतं. तरी पाठवता? वर दुकान बंद! बरंच झालं!"

त्यांची समजूत घालेपर्यंत दारात एक आई मुलीला घेऊन हजर. मुलीला कड्यांचं कोडं हवं होतं.

"तुम्हाला आलं का हो आमचं पत्र?" सासूबाईंनी विचारलं.

"आजचं? नाही बुवा. खरं तर नुकतंच नाव दिलंय मी, गेल्याच महिन्यात पहिलं पत्र आलं. का, काय होतं त्यात?"

"काही नाही. चुकीचं उत्तर होतं."

ती गेल्यावर सासूबाई सुनेकडे वळल्या. "गंमत बघ. ज्याला नको त्याला मिळालं, जिला हवं तिला नाही. तुझं खातं उघड पाहू."

कोडेताईंनी कॉम्प्युटर उघडला. पत्रं पाठवणाऱ्या सेवेत शेवटची नोंद मागच्या महिन्याची होती. आज तिथून काहीच गेलेलं नव्हतं.

"मग आपल्या नावानं गेलं कुठून?"

"आपण या सेवेच्या आधी काय केलं होतं, ते आठव."

कोडेताईंना आठवलं. गेल्या वर्षी ईमेलची सेवा निवडायची होती, तेव्हा तिघांनी तीन सेवा सुचवल्या होत्या. दादानं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावानं, साधी आणि स्वस्त. फोटोवाल्यानं झकपक नक्षीची, महागडी. धाकट्या दिरानं आणलेल्या सेवेत पत्रं वेळ लावून आपोआप जात. चाचणी म्हणून प्रत्येकाला गिऱ्हाइकांची यादी दिली. प्रत्येकानं स्वतःच्या नावानं खातं उघडलं. शेवटी दादाची सेवा घेतली, कारण तिथे नाव नोंदवणं आणि नको असेल तर काढून घेणं दोन्ही सोपं होतं.

"तिघांनाही बोलाव," सासूबाई म्हणाल्या. "चहाला म्हणून सांग."

दुपारी तिघं आले. स्टुलं पुरली नाहीत, म्हणून दीर काउंटरला टेकला. त्यानंच तोंड उघडलं. "वहिनी, ऐकलं मी. आता बातमी पसरलीच आहे, तर मानानं आवरून घ्या ना. जागेला चांगलं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. काय आई?"

"भाऊजी," कोडेताई म्हणाल्या, "शटर रोज मी उचलते. खाली ओढायचं झालं तर मीच ओढीन. कुणाच्या ईमेलनं नाही."

"मी आपलं भल्यासाठी सांगतोय!"

"भांडण नंतर," सासूबाईंनी वर्गात टेबलावर मारावी तशी पट्टी काउंटरवर मारली. "एकच प्रश्न तिघांना. चाचणी संपल्यावर यादीचं काय केलंत? दादा?"

"आई, तीच यादी तुम्ही अजून वापरताय. खातं मी हिच्या नावावर करून दिलं. माझ्याकडे काही नाही."

"फोटोवाले?"

फोटोवाला आधीच लाल झाला होता. "असेल माझ्या खात्यात पडलेली. मी काय रोज साफसफाई करतो? आणि माझ्याकडे असं बघू नका. भांडलो मी, पण तोंडावर भांडलो!"

"आणि तू रे?"

"मी?" दीर हसला. "मी ती यादी खात्यात भरलीच नाही कधी. फाइलसुद्धा उघडली नाही. तुम्हीच मग दादाची सेवा घेतलीत ना?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, आई? शप्पथ."

सासूबाईंनी पट्टी बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही.

"आता नीट ऐका. नाव काढून घेतलेल्या माणसाला आजचं पत्र आलं. नव्या बाईला आलं नाही. म्हणजे ज्या यादीवर पत्र गेलं ती जुनी, चाचणीच्या वेळची. आपली आत्ताची नव्हे. दुकानाच्या ईमेल पत्त्यावरून पत्र पाठवायची परवानगी तेव्हा तिन्ही सेवांना आपणच दिलेली. ती काढून घ्यायची राहिली, ही आपली चूक. इथवर समजलं?"

तिघांनी शाळकरी मुलांसारख्या माना हलवल्या.

"पण जुनी यादी तिघांकडे गेली. मग कुणाची? यादी देताना मी प्रत्येकीत एक खोटं गिऱ्हाईक घातलं होतं. पत्ता माझाच, नाव निराळं. कुठून आलेलं पत्र कसं दिसतं, ते मला वेगळं ओळखायचं होतं. दादाच्या यादीत घोडेबाई. म्हणून दर महिन्याला मला घोडेबाई म्हणून पत्र येतं. फोटोवाल्यांच्या यादीत मगरमामा." त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "आज पत्र आलं हत्तीरावांना."

कोडेताईंनी दिराकडे पाहिलं. तो काउंटरपासून सरळ उभा राहिला होता.

"हत्तीराव तुझ्या फाइलमध्ये होता, बाळा. फक्त तुझ्या. जी फाइल तू उघडलीच नाहीस."

"आई, पोटच्या पोरापेक्षा तुला..."

"पोटचा आहेस म्हणून चहाला बोलावलं. नाहीतर पोलिसांत गेले असते."

"चुकीचं काय केलं मी? आज ना उद्या बंदच होणार होतं हे! दुकान चालतंय तोवर जागा विकणार नाही म्हणालीस ना तू? मग काय करायचं मी?"

"मला विचारायचं. मी नाही म्हटलं असतं, तू रागावला असतास. तेवढंच झालं असतं."

फोटोवाल्यानं हळूच विचारलं, "आता खुलासा पाठवायचा ना, ताई? फोटो देऊ? उघड्या शटरचा देतो."

"द्या," कोडेताई म्हणाल्या. "पण आमच्या खात्यातून तो सगळ्यांना पोचणार नाही. नाव काढून घेतलेल्यांना तर नाहीच." त्यांनी एक स्टूल दिरापुढे सरकवलं. "खोटं जिथून गेलं, खरंही तिथूनच जाईल. बसा, भाऊजी. तुमचं खातं उघडा. मी सांगते, तुम्ही टाइप करा."

"वहिनी, माझ्या हातानं?"

"तुमच्याच."

तो आईकडे बघत राहिला. आईनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि मान कॉम्प्युटरकडे वळवली. शेवटी तो बसला.

"लिहा. 'सकाळचं पत्र खोटं होतं. ते माझ्या दिरानं पाठवलं आणि हेही त्याच्याच हातून लिहून घेत आहे. दुकान उघडं आहे. ज्यांनी आमची पत्रं बंद केली होती त्यांची माफी मागते. या खात्यातलं हे शेवटचं पत्र.' लिहिलंत? आता पाठवा. मग यादी पुसा आणि खातं बंद करा. आमच्यासमोर."

त्यानं बटण दाबलं.

काउंटरवर सासूबाईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा सरकवून वाचलं. "प्रिय हत्तीराव," म्हणाल्या, आणि पुढचं वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला.

लगेच कोडेताईंचा फोन वाजला. पडद्यावर शाळेचं नाव होतं. त्यांनी उचलला. "हो बाई, उघडं आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताही उघडंच आहे. या, बघून जा."