धाकटीनं झेललं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या बऱ्याच गोष्टींना शेपूट फुटतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण हिला मी तिखटमीठ लावलेलं नाही. ज्या बाईवर हे गुदरलं, तिच्या तोंडून ऐकलं तसंच सांगतो.

आणि हे घडलं भरदुपारी. भूत काय घड्याळ बघून येतं?

सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक नाचाचा क्लास होता. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा. तिथे लिरिकल नावाचा नाच शिकवायचे. म्हणजे नुसत्या ठेक्यावर पाय आपटायचे नाहीत. गाणं जे म्हणतंय ते अंगानं म्हणायचं, श्वासावर तरंगत.

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या या बाईच्या दोन मुली तिथे जायच्या. दोघींचा एक जोडीचा नाच होता. त्याच्या शेवटी थोरलीनं डोळे मिटून मागे पडायचं, धाकटीनं झेलायचं. पडणारीनं मागे बघायचं नाही.

"कमी जेव ग बाई, माझे खांदे निखळतील!" धाकटी कुरकुरायची.

"हात आहेत की काड्यापेटीतल्या काड्या?" थोरली चिडवायची.

पण त्या काड्यांनी तिला एकदाही सोडलं नाही.

मग धाकटीला ताप आला. साधाच वाटला.

हॉस्पिटलमधून ती घरी आली नाही.

थोरली बोलेना. जेवेना. एक दिवस उठून क्लासला गेली आणि तोच नाच एकटीनं करू लागली. नाचाच्या बाई म्हणाल्या, "शेवट बदलू या. नुसती उभी राहा."

"नाही. मी पडणार."

आणि ती पडायची. पाठीवर. धाडकन. खालचा सायकलवाला दचकून वर बघायचा.

आई इस्त्री टाकून रोज दुपारी क्लासच्या दारात येऊन बसू लागली. एक पोर गेली होती. दुसरी डोकं फोडून घ्यायला निघाली होती.

त्या दुपारीही नाचाच्या बाई जेवायला आतल्या खोलीत गेल्या होत्या. गाणं संपत आलं. थोरलीनं डोळे मिटले, मागे झुकली...

धाडकन आवाज आलाच नाही.

थोरली हवेत तिरकी थांबली होती. केस खाली लोंबत होते. मागे कुणी नव्हतं.

आरशातही नव्हतं.

फक्त धाप ऐकू येत होती... वजन पेलल्यावर लागते तशी. थोरलीचे ओठ तर मिटलेले होते.

मग ती अलगद उभी राहिली. आणि हसली. किती दिवसांनी!

"आई, ती आली ग."

घरी आल्यावर आईनं तिचा कुडता हातात घेतला. पाठीवर, दोन्ही काखांखाली, कापड चुरगळलं होतं... कुणी मुठीत घट्ट आवळावं तसं. तिनं सवयीनं पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. एका बाजूच्या सुरकुत्या गेल्या.

दुसरी बाजू तिनं तशीच ठेवली.

थोरली जेवू लागली. पोटाला अन्न लागलं, गालावर रंग आला. आई घाबरली होती, पण पोर जेवतेय म्हटल्यावर कुठली आई तोंड उघडेल?

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही.

हात रोज खाली खाली झेलत होते.

आधी थोरली कमरेच्या उंचीवर थांबायची. मग गुडघ्याच्या. मग तिचं डोकं जमिनीच्या वीतभर वर येऊन थांबू लागलं.

आणि ती धाप... आता लाकडी जमिनीखालून येत होती.

"दमत असेल ग ती," आई म्हणाली. "उद्या नको पडूस."

"झेलते ना ती? मग तुझं काय जातंय?"

आईला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दुपारी गाणं संपत आलं, तशी ती अनवाणी थोरलीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसली. थोरली पडली. आईनं हात पुढे केले. पोरीचा भार हातांवर आला...

आणि आईच्या हातांखाली आणखी दोन हात आले.

गार. बारीक. न्हाऊमाखू घातलेली मनगटं ती. ओळखायला डोळे कशाला लागतात?

आईनं खाली बघितलं नाही.

"मी धरलंय हिला, बाळा," ती पुटपुटली. "तू सोड. दमलीस. जा आता."

धाप थांबली.

हातांनी आईची मनगटं गच्च धरली. एकदाच.

मग एकेक बोट सुटत गेलं.

थोरलीनं डोळे उघडले. वर आईचा चेहरा दिसला, आणि ती किंचाळली, "तू कशाला मधे आलीस? का घालवलंस तिला?"

त्यानंतर थोरली पुष्कळदा पडली. दरवेळी जमिनीवर. शेवटी तिनं पडणं सोडलं. आता ती तो नाच स्टेजवर करते, शेवटी नुसती उभी राहते, आणि लोक डोळे पुसतात. आईशी मात्र कामापुरतंच बोलते.

परवा कपडे द्यायला गेलो, तर बाई इस्त्री हातात धरून तशीच उभी. मला म्हणाली, "भाऊ, तुम्हाला कशाचंही उत्तर सुचतं. एवढं सांगा. ते हात रोज खाली खाली जात होते. शेवटी त्यांनी मला धरलं. ती हिला झेलत होती... की 'आई, मला वर घे' म्हणत होती?"

मी कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

"आणि मी तिला म्हणाले, सोड."