जुनं वर्ड, नवं वर्ड

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी टेबलाखाली होते. कॉम्प्युटरची सैल झालेली पिन दाबत होते.

"कुणी आहे का? कॉम्प्युटरवाला आलोय... लोणावळ्याहून."

उठायला गेले आणि डोकं टेबलावर आपटलं. समोर पाणी गळणारा रेनकोट, कपाळाला चिकटलेले केस आणि हसू दाबणारा चेहरा. विहंग.

वडगावात चिंतामणी वकिलांकडे मी टायपिंग करते. त्यांना सगळे आबा म्हणतात. एक दाबलं की अख्खा मसुदा समोर, अशी आबांनी करून घेतलेली बटणं फक्त जुन्या वर्डमध्ये चालतात. आणि बाहेरून येणाऱ्या नव्या फाइली त्या जुन्यात उघडल्या की सगळे रकाने विस्कटतात. म्हणून आबांचा हुकूम — एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही हवीत.

"आधी जुनं टाकायचं, मग नवं," विहंग म्हणाला. "उलट केलं तर दोघं भांडतात."

"आणि असं केलं की?"

"नांदतात."

तो स्क्रीनकडेच बघत होता. मग माझेच कान का गरम झाले?

कुठल्याही फाइलवर डबल क्लिक केलं की नवंच उघडेल, असं लावून देऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर... सगळं जुन्यातच उघडतंय! मी फोन केला. तो आला, नीट करून गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फोन. पुन्हा तो... घाटातलं धुकं अंगावर घेऊन आल्यासारखा गारठलेला.

"मॅडम, तुम्ही काही केलंत का?" त्याने एकदा हळूच विचारलं.

"मी? मी काय करणार?"

"नाही... असंच." आणि पुन्हा ते दाबलेलं हसू.

माझ्या मनात शंका आली. हाच मुद्दाम काहीतरी अर्धवट ठेवून जातो की काय? खरं तर राग यायला हवा होता. मी मात्र तो येणार त्या दिवशी निळी ओढणी घेत होते. माझं मलाच काही समजेना.

मागच्या शुक्रवारी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

"आमचे साहेब विचारत होते, एकाच ऑफिसला इतक्या चकरा कशा? पुढच्या वेळी दुसऱ्याला पाठवणार म्हणाले."

"मग मुद्दाम बिघडवता कशाला?" माझ्या तोंडून गेलंच.

"मी?" तो चकित झाला. "मला तर वाटलं, तुम्ही..."

"मी नाही!"

तेवढ्यात आबा आत आले.

"अगं, ते होय? तू यायच्या आधी मीच करतो ते. मला तुमचं नवं काही उमगत नाही. नेहमी जुन्यातच उघड, असं सांगून ठेवतो कॉम्प्युटरला." आबांना केवढं कौतुक स्वतःचं!

विहंगने मान खाली घातली आणि आबांसाठी त्याच कॉम्प्युटरवर वेगळं लॉगिन करून दिलं. आबांच्या नावाने उघडलं की जुनं, माझ्या नावाने उघडलं की नवं. आता काही म्हणता काही बिघडणार नव्हतं. माझा जीव मात्र का खट्टू झाला?

मी त्याच्यामागे पायरीपर्यंत गेले. त्याने हेल्मेट उचललं... पण घातलं नाही.

"मी वडगावची कामं मागून घेत होतो," तो म्हणाला. "वाटायचं, कुणीतरी मला बोलवायला मुद्दाम बिघडवतंय. आज कळलं, ते आबा होते."

त्याचा चेहरा इतका पडला होता, की मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

"माझ्या मनात आलं होतं बिघडवायचं," मी म्हणाले. "दोनदा."

"मग बिघडवलं का नाहीत?"

"कसं बिघडवायचं ते येत न्हाई मला!" धांदल उडाली की माझी गावची बोली बाहेर पडते.

तो हसला. या वेळी न दाबता.

"रविवारी शिकवतो."

"रविवारी ऑफिस बंद असतं."

"म्हणूनच. लोहगडवाडीला जाऊ. पिठलं-भाकरी खाऊ."

"आणि कॉम्प्युटर?" मी गोंधळून विचारलं.

"त्याला राहू दे की इथंच... सारिका."

पहिल्यांदाच त्याने 'मॅडम' न म्हणता नाव घेतलं. पुन्हा धांदल उडाली, आणि गावची बोलीच बाहेर पडली —

"व्हय."