माझ्या नावाच्या गावातली मेणबत्ती

“लूर्ड्स तुस्कानो,” अशी हाक आली आणि दुबईच्या त्या व्हिसा सेंटरमध्ये दोघं उठले. मी, आणि शेजारचा एक माणूस. तो ओशाळून परत बसला.

पाकिटात नकारच होता. तिसऱ्यांदा. मी वसईला मावशीला फोन करून तेवढं सांगितलं. मराठी ऐकून शेजारचा हळूच म्हणाला, “सॉरी हां मॅडम. मला वाटलं, लूर्ड्सला जाणाऱ्यांना बोलावतायत. तुमच्या नावाच्या गावात मी चार वेळा भात शिजवलाय.”

रडू येत होतं, तरी हसले.

हा विघ्नेश. कुडाळचा. इथून ख्रिस्ती यात्रेकरूंना फ्रान्सला, लूर्ड्सच्या मारियामातेच्या दर्शनाला नेणाऱ्या टूर कंपनीत स्वयंपाकी. गाव कसं आहे, विचारलं, तर म्हणाला, “थंड. मीठ पटकन सर्दावतं.”

मग दर शुक्रवारी शारजात, अल मजाजला, खाडीच्या काठाने आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तो थर्मासमधून सोलकढी आणायचा. हवेत धूळ... समोरचे टॉवर पुसल्यासारखे... आणि आमच्या दोघांमध्ये बाकावर तो थर्मास. मधोमध.

एकदा त्याला सगळं सांगितलं. आठ वर्षं आईला मूल नव्हतं. कुणीतरी लूर्ड्सचं पाणी आणून दिलं, मी झाले, म्हणून गावाचं नाव मला. आणि नवस : ही मोठी झाली की तिथे मेणबत्ती लावेल, मगच हिचं लग्न. आईला फ्रान्स म्हणजे बोरिवलीच्या जरा पुढे वाटलं असावं. दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या फोनवरही तेच... “जाऊन आलीस का गं?” आता मी एकोणचाळीसची. शारजात दातांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर.

“मी लावतो की,” विघ्नेश म्हणाला. “पुढच्या महिन्यात ग्रुप आहे.”

“नवस असा कुणीही फेडून चालत नाही. घरातलंच माणूस लागतं.”

तो बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिला. मग म्हणाला, “घरातलं व्हायला काय लागतं?”

मी पाण्याकडे पाहिलं. धर्म, वय, लोक... काय काय लागतं ते मोजत बसले आणि उत्तर राहिलंच. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं, ग्रुप गेला.

काल दुपारी फोन वाजला. समोर एक आजोबा गाल धरून बसलेले.

“इथे पाऊस लागलाय,” विघ्नेशचा आवाज. “मेणबत्ती घेतलीय. पण... कोण म्हणून लावू? ओळखीचा म्हणून लावली तर तुझ्या आईला चालायची नाही.”

पहिल्यांदाच ‘तुझ्या’ म्हणाला.

बाहेर खिडकीला धूळ चिकटली होती. आई असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे. पण ती विचारत होती, इतकी वर्षं विचारत होती... आणि आता विचारणारा एवढा एकच उरला होता.

“घरातला म्हणून लाव,” मी म्हणाले.

 तिकडून काडी ओढल्याचा आवाज आला. विझली बहुतेक. पुन्हा ओढली.

आजोबांनी नंबर कधी लागेल विचारलं. मी हातानेच त्यांना थांबवलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.